इमारती झाडांची रोपवाटिका: स्वस्त बी शोधू नका, मातृवृक्ष शोधा



मागच्या व्हिडिओत आपण छोट्या रोपवाटिकेचा खर्च काढला. पिशव्या, शेडनेट, माती, शेणखत, पाण्याची टाकी, मजुरी. त्यानंतर दुकानात येणाऱ्यांनी आणि प्रशिक्षणाला बसलेल्यांनी सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारला, "सर, बाकी सगळं समजलं. पण साग, शिसव, ऐन, किंजळ, शिवण यांचं चांगलं बी मिळतं कुठे? एखाद्या व्यापाऱ्याचा नंबर द्या ना."

नंबर मी देत नाही, आणि त्यामागे कारण आहे. माझं स्पष्ट मत आहे की देशी इमारती झाडांच्या रोपवाटिकेत तुमचा खरा माल म्हणजे रोप नव्हे, बी आहे. पिशवी, माती, पाणी उद्या शेजारचाही आणेल. बी कुठल्या झाडाचं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच या धंद्यात टिकतो. आणि ही माहिती फोनवर ऑर्डर देऊन मिळत नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझी स्वतःची चूक सांगतो.

अडीचशे शिसव, आणि एक फोन

रोपवाटिका सुरू केली ते दुसरं वर्ष होतं. बीबीएला सप्लाय चेन शिकलो होतो, तीन कोटेशन मागवायची आणि सगळ्यात कमी दराचं घ्यायचं. शिसवाच्या बियांसाठी तसंच केलं. परराज्यातल्या एका व्यापाऱ्याचा दर निम्म्याहून कमी होता. पार्सल आलं, शेंगा चपट्या, तपकिरी, दिसायला ठीक. उगवण तर इतकी छान झाली की मी त्यावर व्हिडिओसुद्धा केला.

त्यातली अडीचशे रोपं आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींनी नेली. वडिलोपार्जित वरकस जमीन, नातवंडांसाठी काहीतरी उभं करायचं म्हणून. दोन वर्षांनी त्यांचा फोन आला.

"अरे, तू दिलेलं शिसव हे आपल्या रानातलं शिसव नव्हे."

"गुरुजी, असं कसं होईल? बिलावर लिहिलंय."

"बिलावर असेल. पानावर नाही. ह्याच्या पानाचं टोक निमुळतं आहे. आपल्या शिसवाचं पान टोकाला गोल असतं. तू येऊन बघ."

गेलो, बघितलं. गुरुजी बरोबर होते. ती झाडं शिसूची होती. हिंदीत दोन्हीला सर्रास शीशम म्हणतात, आणि गोंधळ तिथेच झाला. शिसू, म्हणजे डालबर्जिया सिसू, हे मूळचं हिमालयाच्या पायथ्याचं, नदीकाठचं झाड. आपलं शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया. ते सह्याद्रीतलं, काळपट जांभळ्या लाकडाचं. शिसू वाईट झाड नाही, पण मी गुरुजींना ते विकलं नव्हतं आणि त्यांना ते नको होतं.

मी पैसे परत देऊ केले, नवी रोपंही देऊ केली. ते म्हणाले, "रोपं दे, लावतो. पण माझं वय एकाहत्तर आहे. दोन वर्षं कुठून आणून देणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मित्रांनो, मिरचीचं बी फसवं निघालं तर हंगाम जातो. इमारती झाडाचं बी फसवं निघालं तर माणसाच्या आयुष्यातली वर्षं जातात, आणि ती जमीन तेवढी वर्षं अडकून पडते. या धंद्यात उतरायचं तर हे ओझं घेऊन उतरायचं.

आधी हिशोब करू

"सर, चांगलं बी महाग पडतं" असं तुम्ही म्हणाल. चला, मांडून बघू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्याकडचे दर टाकून पुन्हा करा.

सागाच्या एका किलोत साधारण दीड-दोन हजार फळं बसतात. आपण ज्याला सागाचं बी म्हणतो ते खरं तर टणक फळ असतं, बी त्याच्या आत. समजा किलोत १,८०० फळं आहेत.

• स्वस्त बी २०० रुपये किलो. त्यातून विकण्याजोगी रोपं १५ टक्के, म्हणजे २७०. रोपामागे बियांचा खर्च ७४ पैसे.

• खात्रीचं बी ६०० रुपये किलो. त्यातून विकण्याजोगी रोपं ४० टक्के, म्हणजे ७२०. रोपामागे बियांचा खर्च ८३ पैसे.

दरात तिप्पट फरक, पण रोपामागे फक्त ९ पैशांचा. आता यात गादीवाफ्याची जागा, पाणी, निंदणी आणि पुनर्लागवडीची मजुरी धरा. स्वस्त बियाला तेवढीच रोपं काढायला जवळजवळ पावणेतीन पट वाफा लागतो. म्हणजे स्वस्त बी प्रत्यक्षात महाग पडलं. हा हिशोब केल्याशिवाय कोणालाही ऑर्डर देऊ नका.

चांगलं बी म्हणजे काय?

बरेच जण म्हणतात, जे चांगलं उगवतं ते चांगलं बी. हे अर्धंच खरं आहे. माझं शिसूचं बी अगदी छान उगवलं होतं. इमारती झाडाच्या बियाला तीन प्रश्न विचारायचे असतात.

पहिला, हे नेमकं कोणतं झाड? नुसत्या स्थानिक नावावर जाऊ नका. ऐनाला कुठे सादडा म्हणतात, आणि अर्जुनसादडा हे वेगळंच झाड आहे. शास्त्रीय नाव बिलावर लिहून मागा. व्यापारी लिहून देत नसेल तर तिथेच थांबा.

दुसरा, ते कुठलं आहे? निलंबूरचा साग जगात प्रसिद्ध. केरळात तिथे १८४० च्या दशकात कॉनोली या कलेक्टरच्या काळात सागाची लागवड सुरू झाली, आणि ती जगातल्या सगळ्यात जुन्या सागलागवडींपैकी एक मानतात. आपल्याकडे गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाचं नाव आहे. म्हणून पाकिटावर "निलंबूर" लिहिलं की लोक डोळे झाकून घेतात. पण मलबारच्या पावसात वाढलेल्या झाडाचं बी मराठवाड्याच्या मुरमाड माळावर तशीच कामगिरी करेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. तुमचं गिऱ्हाईक जिथे झाड लावणार, तिथल्या पावसाशी आणि जमिनीशी जुळणाऱ्या भागातलं बी हाच नवख्यासाठी सुरक्षित नियम.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो जवळजवळ कोणीच विचारत नाही. आई-बाप कसे होते?

सोपं झाड बहुतेक वेळा चुकीचं झाड असतं

बी गोळा करणारा माणूस किलोवर पैसे घेतो. मग तो कुठल्या झाडाकडे जाणार? जे रस्त्याकडेला आहे, बुटकं आहे, फांद्या खालपर्यंत आहेत, भरपूर लगडलेलं आहे. म्हणजे नेमकं वाकडं, फांद्याळ झाड. सरळ, उंच, चाळीस फुटांपर्यंत फांदी नसलेल्या झाडावर कोण चढणार?

त्यात आणखी एक गोष्ट. तोड करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सरळ झाडं आधी नेली. मागे राहिली ती बहुतेक वाकडी, पोकळ. आणि आपण त्यांचं बी गोळा करून म्हणतो की हे जंगलचं अस्सल बी!

सागाची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. सागाचा तुरा खोडाच्या शेंड्यालाच येतो. शेंड्याला फुलोरा आला की त्या खोडाची सरळ वाढ तिथे थांबते आणि बेचकं फुटतं. म्हणजे लहान वयात भरभरून बी देणारं सागाचं झाड बी विकणाऱ्याला फायद्याचं, पण लांब सरळ ओंडका हवा असणाऱ्याला नाही. इमारतीसाठी उशिरा फुलणारं झाड बरं.

म्हणून मातृवृक्ष निवडताना हे बघा: खोड सरळ आणि गोल, बेचकं उंचावर, खोडाला पीळ नाही, भोकं किंवा रोग नाही, आणि शेजारच्या त्याच वयाच्या झाडांपेक्षा वाढ सरस. एकटं उभं असलेलं झाड शक्यतो टाळा, त्याला परागीकरणासाठी जोडीदार कमी मिळतात. आणि एकाच झाडाचं बी कधीच घेऊ नका. जाणकार २५-३० झाडांचं बी एकत्र करायला सांगतात, आणि झाडांमध्ये निदान ५०-१०० मीटर अंतर ठेवायला सांगतात, म्हणजे सगळी एकाच आईची लेकरं निघत नाहीत. सुरुवातीला तीस झाडं नाही जमली तर दहा शोधा, आणि दरवर्षी त्यात भर घाला.

मग शोधायचं कुठे?

पहिला पर्याय, तुमच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या आतली झाडं. मालकीच्या जमिनी, जुने बांध, गावठाणातली मोठी झाडं. मालकाला भेटा, बी विकत घ्या, फुकट मागू नका. ज्याला कळतं की आपल्या ऐनाच्या बियाला दरवर्षी पैसे मिळतात, तो ते झाड तोडायच्या आधी दोनदा विचार करतो. कोकणात देवरायांमध्ये जुनी झाडं आहेत, पण तिथे गावकऱ्यांना आणि गुरवाला विचारल्याशिवाय काही उचलायचं नाही. अनेक देवरायांतून पडलेलं लाकूडही बाहेर नेत नाहीत. "नाही" म्हणाले तर नमस्कार करून परत फिरायचं.

दुसरा पर्याय, सरकारी आणि संशोधन संस्था. वन विभाग चांगली सागवनं निवडून, त्यातली वाकडी झाडं काढून, ती बीज उत्पादन क्षेत्र म्हणून राखतो. विभागाच्या संशोधन शाखेत अर्ज घेऊन जा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, कोईम्बतूरची वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्था, केरळात पीचीची वन संशोधन संस्था आहे. हवं ते बी हव्या त्या वर्षी मिळेलच असं नाही, म्हणून हंगामाच्या सहा महिने आधी विचारा. बी नाही मिळालं तरी माहिती मिळते, आणि ती फुकट असते.

तिसरा पर्याय, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यानंतर विदर्भात अनेक ग्रामसभांना मिळाला. गौण वनोपजावर त्यांचा हक्क असतो. अशा ग्रामसभेशी रीतसर बोलून, ठरावीक झाडांचं बी ठरावीक दराने घ्यायचं असं ठरवता आलं, तर दोघांचंही भलं होतं.

आणि शेवटचा पर्याय व्यापारी. व्यापारी वाईट नसतो, पण त्याला हे विचारा: कुठून गोळा केलं, कोणत्या महिन्यात, किती झाडांवरून? प्रामाणिक व्यापारी निदान दोन उत्तरं देतो.

एक ताकीद. राखीव जंगलात परवानगीशिवाय बी गोळा करायला शिरू नका. धंद्याची सुरुवात गुन्ह्याने करायची नसते.

बी आलं, आता तपासा

पैसे पूर्ण देण्याआधी शंभर बिया मोजून काढा आणि कापून बघा. आत गर पांढरा, भरीव, टवटवीत हवा. पोकळ, काळं पडलेलं, किडीने खाल्लेलं वेगळं मोजा. खैराच्या बियांत भुंगेरा फार असतो, ऐनाच्या फळांतही कीड आणि पोकळ दाणे बरेच निघतात. शिवणीचे बाठे पाण्यात टाका, तरंगणारे बहुतेक पोकळ. त्यानंतर शंभर बिया वाळूच्या ट्रेमध्ये लावून उगवण मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

हंगाम पाठ करा. साधारणपणे खैराच्या शेंगा हिवाळ्यात तयार होतात, सागाची फळं डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पडतात. किंजळ आणि ऐन उन्हाळा लागताना, शिवण एप्रिल ते जून. सुरुवातीला आपोआप गळणारी फळं बऱ्याचदा पोकळ किंवा किडकी असतात. झाड भरात असताना गोळा करा.

"ताजं बी चांगलं" हा नियमही सगळ्यांना लागू नाही. फणसाची आठळी आणि कडुनिंबाची निंबोळी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते. कोणी ऑक्टोबरमध्ये निंबोळ्या विकत असेल तर ते रोपांसाठी नव्हेत असं समजा. शिवण त्याच पावसाळ्यात लावलेली बरी. साग मात्र उलटा, वर्षभर कोरड्या गोणीत मुरलेलं बी पुष्कळदा ताज्यापेक्षा बरं उगवतं. सागाला रात्री पाण्यात भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं आठवडा-दोन आठवडे करायचं, मग टणक कवच सैल होतं.

"त्यापेक्षा तयार क्लोन रोपं आणून विकली तर?"

हा प्रश्न नेहमी येतो. चांगल्या संस्थेची, खात्रीची सागाची क्लोन रोपं असतील तर जरूर विका. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एकाच क्लोनची सगळी झाडं म्हणजे एकच झाड हजार वेळा. एका रोगाला एक बळी पडलं, तर सगळीच पडू शकतात. आणि ऐन, किंजळ, शिसव यांच्यासाठी असा तयार माल सहज मिळत नाही. तिथे बीच लागतं. म्हणून लहान माणसाला जागा आहे ती तिथेच. सागाची रोपं प्रत्येक चौकात मिळतात. खात्रीचं किंजळ कोणाकडे आहे? ते तुमच्याकडे असू द्या.

आणि कृपा करून गिऱ्हाइकाला "पंधरा वर्षांत करोडपती" असं सांगून रोप विकू नका. नव्वदच्या दशकात सागलागवडीच्या गुंतवणूक योजनांनी देशभर अशीच स्वप्नं विकली, अनेकांचे पैसे बुडाले, आणि १९९९ मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणावे लागले. आमच्या भागात ज्यांनी त्यात पैसे घातले होते, ते आजही सागाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. उलट गिऱ्हाइकाला खरं सांगा: वाढायला वेळ लागतो, आणि महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. म्हणून लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यायला सांगा. हे ऐकून दोन गिऱ्हाइकं परत जातील. जी राहतील ती दहा वर्षं तुमची राहतील.

आजपासून करायचं काम

एक साधी वही घ्या. प्रत्येक बियाच्या खेपेला नंबर द्या. झाडाचं स्थानिक आणि शास्त्रीय नाव, गाव, गोळा केल्याची तारीख, किती झाडांवरून, कोणी गोळा केलं, उगवण किती. तोच नंबर रोपाच्या पिशवीवर आणि बिलावर. हा तुमच्या रोपाचा जन्मदाखला. शेतीच्या प्रमाणित बियाण्याला टॅग असतो, देशी झाडांच्या बियांना बहुतेक वेळा नसतो. तो तुम्ही द्या. यासाठी वीस रुपयांची वही पुरते.

आणि या हंगामात निदान दहा मातृवृक्ष शोधा. फोटो काढा, जागा मोबाइलवर नोंदवा, मालकाचं नाव लिहा. पहिल्या वर्षी बी कमी मिळालं तर रोपं कमी करा. दोनशे खात्रीची रोपं विकणारा माणूस दोन हजार संशयाची रोपं विकणाऱ्यापेक्षा मागे पडत नाही, हे मी माझ्या पैशाने शिकलोय.

गुरुजींकडे मी दुसऱ्या वर्षी शिसवाची रोपं घेऊन गेलो. बी आमच्याच तालुक्यातल्या अकरा झाडांचं, नंबर ३. गुरुजींनी चष्मा लावून प्रत्येक पान बघितलं, मगच खड्डे दाखवले. त्या अकरापैकी तीन झाडं त्यांनीच मला दाखवली होती.

पुढच्या व्हिडिओत त्याच अकरा झाडांपैकी एका झाडाखाली उभं राहून मातृवृक्ष कसा पारखायचा ते दाखवणार आहे. वही घेऊन बसा.

भेटूया!